ओल कुठून येते?

आजचे श्लोक: भगवद्गीता, अध्याय 2, श्लोक 62 आणि 63.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना हे दोन श्लोक पाठ असतील. दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी स्थितप्रज्ञाचे जे 19 श्लोक येतात, त्यांतलेच हे. गांधीजींच्या आश्रमात ते सायंप्रार्थनेत म्हटले जायचे. मीही रोज दिवा लावला की म्हणते. म्हणूनच आजचं लिहिताना लाज वाटतेय. जानेवारीतल्या एका संध्याकाळी हेच श्लोक म्हणून मी उठले आणि अर्ध्या तासात सोसायटीच्या ग्रुपवर वरच्या मजल्यावरच्या काकूंबद्दल असा मेसेज टाकला, की आई माझ्याशी दोन दिवस धड बोलली नाही.

कारण होतं भिंतीवरची ओल. डोंबिवलीतला आमचा वन बीएचके, तिसरा मजला, रीसेलचा. बेडरूमची एक भिंत बाथरूमला लागून आहे. तिच्यावर, माझ्या डोक्याच्या जरा वर, एक डाग उठला. आधी ताटलीएवढा, मग परातीएवढा. रंगाचे पोपडे सुटले, कडेला पांढरा खार फुटला. पाऊस जाऊन तीन महिने झालेले, म्हणजे बाहेरचं पाणी नाही. डाग एवढ्या उंचावर, म्हणजे वरूनच येतंय. वर काकूंचं बाथरूम. माझ्या मते विषय संपला होता.

त्या भिंतीचा रंग मी तीन आठवडे शेडकार्ड घेऊन निवडला होता, हेही सांगायला हवं.

मेसेज वाचून काकू स्वतः खाली आल्या, डाग बघितला, म्हणाल्या, "अगं, तपासून घे ना. आम्ही काय म्हणणार?" मी म्हटलं, आठ दिवस तुमचं बाथरूम बंद ठेवा. त्यांनी ठेवलं. मी डागाच्या कडेने पेन्सिलची रेघ ओढून तारीख लिहिली. (ही युक्ती खरंच चांगली आहे. डोळ्यांना ओल रोज तेवढीच वाटते, रेघ खोटं बोलत नाही.) आठ दिवसांनी बघते तर डाग रेघेच्या दोन बोटं बाहेर गेलेला. तेव्हा तरी मला कळायला हवं होतं. पण मी काय म्हटलं असेल? "स्लॅबमध्ये पाणी मुरलंय, वेळ लागणारच."

मग प्लंबरदादा आले. त्यांनी काकूंच्या बाथरूममधल्या नहाणी ट्रॅपला बोळा मारला, रंग कालवलेलं पाणी भरलं आणि दिवसभर तसंच ठेवलं. आमच्याकडे रंगाचा ठिपकाही उतरला नाही. त्यांनी मला विचारलं, "ताई, या भिंतीत अलीकडे काही ठोकलंय का?"

"नाही," मी म्हटलं. आणि मी खोटं बोलत नव्हते, हे फार महत्त्वाचं आहे.

त्यांनी आमच्या बाथरूमचा मेन कॉक बंद केला. चार दिवस स्वयंपाकघरातून बादल्या भरून न्यायच्या. चौथ्या दिवशी रेघेच्या आतली कड फिकी पडली होती. मग त्यांनी बाथरूमच्या बाजूने, गीझरच्या खाली, टॉवेलचा रॅक काढून टाइल फोडली. आत गीझरला जाणारी गार पाण्याची लाइन होती आणि तिच्यात रॅकचा स्क्रू घुसलेला होता. तो रॅक दिवाळीच्या साफसफाईत मी स्वतः लावला होता, ड्रिल मशीन मागून आणून. केवढी मिरवले होते! दादा म्हणाले, स्क्रू घट्ट बसला की तोच बुचासारखं भोक धरून ठेवतो. मग गंजतो, जरा हलतो आणि थेंब थेंब सुरू होतं. ते पाणी भिंतीतून जिकडे वाट मिळेल तिकडे जातं आणि डाग भलत्याच बाजूला दिसतो.

आता श्लोकांकडे येऊ. भगवंत तिथे एक साखळी सांगतात. विषयाचं सतत चिंतन केलं की त्याची ओढ लागते. ओढीतून इच्छा जन्मते, इच्छेतून क्रोध. क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश, त्यातून बुद्धिनाश आणि शेवटी माणसाचाच नाश. मोजून बघा, आठ पायऱ्या आहेत आणि क्रोध चौथा आहे. आपण मात्र त्याला पहिला समजतो. राग आला की दहा आकडे मोजा, पाणी प्या, फोन बाजूला ठेवा. वाईट काही नाही त्यात, पण ते पोपडे खरवडून वर पुन्हा रंग मारण्यासारखं आहे. पाणी तीन पायऱ्या आधीच सुटलेलं असतं.

माझं कुठे सुटलं होतं? पहिल्या पायरीसाठी गीतेत जे क्रियापद आहे, ते 'ध्यान' याच शब्दाच्या धातूचं आहे. म्हणजे ध्यान आपण सगळेच करतो, फक्त कशाचं ते प्रत्येकाचं वेगळं. घर घेतल्यापासून मी रोज रात्री झोपण्याआधी तासभर घरं सजवण्याचे रील्स बघायचे. गीता संध्याकाळी दहा मिनिटं, रील्स रात्री तासभर. मग माझं ध्यान नक्की कशाचं होतं? भिंतीवर डाग उठला तेव्हा मला वाटलं माझं घर खराब झालं. खरं तर माझ्या डोक्यातलं एक चित्र खराब झालं होतं.

आणि सहावी पायरी, स्मृतिभ्रंश. हा शब्द मी वर्षानुवर्षं 'विवेक सुटतो' अशा मोघम अर्थाने घेत आले. पण माझ्या बाबतीत तो अक्षरशः घडला. स्वतः ड्रिल मारलेलं मी विसरले. प्लंबरने सरळ विचारलं, भिंत समोर होती, रॅकवर माझाच टॉवेल होता, तरी आठवलं नाही. ज्या एका आठवणीने मी उगमापाशी पोचले असते, नेमकी तीच रागाने पुसली. दोष वर आहे हे ठरल्यावर खाली बघायला मनाला सवडच उरली नाही.

आणखीही एक विसरले होते. आम्ही राहायला आलो त्या पावसाळ्यात आईला डेंग्यू झाला, तेव्हा नऊ दिवस वरून मऊ भाताचा डबा येत होता.

टाइल फोडली त्याच संध्याकाळी तो स्क्रू घेऊन मी वर गेले. काकूंनी दार उघडलं. मी जे होतं ते सांगितलं, माफी मागितली. त्यांनी स्क्रू हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "मग आता ह्यांना आत आंघोळ घालू ना गं?"

काकांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. बाथरूममध्ये खुर्ची ठेवून काकू त्यांना आंघोळ घालतात. मला हे माहीत होतं. बाथरूम बंद ठेवा म्हणताना एकदाही आठवलं नाही. रंगीत पाण्याच्या चाचणीत काकूंचा दोष नाही हे कळल्यावरही मी त्यांना "आता वापरा" असं सांगितलं नव्हतं. तेरा दिवस काकू त्यांना पलंगावरच पुसून काढत होत्या आणि स्वतः ड्राय बाल्कनीत पडदा बांधून आंघोळ करत होत्या.

मी "हो" म्हटलं. पुढे काही बोलता आलं नाही.

रात्री ज्या ग्रुपवर आरोप केला होता, त्याच ग्रुपवर चूक माझी होती हे लिहिलं. तिघांनी नमस्काराची इमोजी टाकली. काकूंनी काही टाकलं नाही. परवा त्या लिफ्टमध्ये भेटल्या, आईची चौकशी केली, माझ्याकडे बघून हसल्या. पण पूर्वीसारखं "ये ना वर" म्हणाल्या नाहीत. त्याला वेळ लागेल.

भिंतही अजून तशीच आहे. पूर्ण वाळल्याशिवाय पुट्टी लावू नका, असं दादांनी बजावलंय. प्लास्टर उघडं आहे, पेन्सिलच्या रेघा आणि तारखा दिसतात. रील्सचं ॲप काढून टाकलं होतं, दोनदा परत घेतलं, आता पुन्हा काढलंय.

उद्या श्लोक 64 घेऊ. त्यात 'प्रसाद' हा शब्द येतो, पण देवळात हातावर मिळतो तो अर्थ तिथे नाही. जमलं तर आधी एकदा वाचून या.

राम कृष्ण हरी!