मुळ्याची विरळणी



गेल्या हिवाळ्यांत आम्ही आपल्या परसांत मुळ्याचा एक वाफा केला. माती वीतभर खोल खणून भुसभुशीत केली, जुनें कुजलेलें खत मिसळलें व बीं पेरलें. चारपांच दिवसांत रोपें दाट उगवलीं. चार बोटांच्या अंतरावर एकेक रोप ठेवून बाकीचीं उपटावीं, असें शेजारच्या आजीबाईंनीं सांगितलें. परंतु आमचा हात धजेना. दीड महिन्यानें पाल्यानें वाफा झांकून गेला. पण उपटून पाहतों तों मुळे करंगळीएवढेही नव्हते! जमिनीखालीं त्यांस भरावयास जागाच उरली नव्हती.

आमच्या सेवेचेंही त्या वर्षीं असेंच झालें. रात्रीची शाळा, भजनमंडळी, तीन गांवांच्या फेऱ्या, हिशेब, हें सारें आम्ही अंगावर घेतलें. पाला पुष्कळ दिसला. परंतु मंडळींतील एक वृद्ध भाऊ आजारी असतां त्याच्याजवळ घटकाभर बसणें आम्हांस जमलें नाहीं. तो प्रभूकडे गेला तेव्हां आम्ही परगांवीं सभेंत होतों.

यंदा आम्ही वेळींच विरळणी केली. उपटलेलीं रोपें वायां गेलीं नाहींत. त्यांच्या कोवळ्या पाल्याची भाजी झाली. तसेंच जें काम आपण सोडूं, तें दुसऱ्या भावाबहिणीच्या हातीं द्यावें. तें तेथें उपयोगी पडेल. काय ठेवावें व काय सोडावें हें ओळखण्याची बुद्धि, आणि सोडण्याचें धैर्य, प्रभु आपणां सर्वांस देवो.