राज्याला पाप लागतं का?

मॅसॅच्युसेट्समधल्या हॅम्पशायर कॉलेजात अभ्यासक्रम आयता मिळत नसे. काय शिकायचं, का शिकायचं हे आपणच लिहून काढायचं आणि प्राध्यापकांच्या समितीला पटवायचं. शेवटी गुणांऐवजी हाती पडे ते लेखी मूल्यमापन. आंतरराष्ट्रीय संबंधांचा माझा आराखडा एका प्रश्नाने सुरू होत होता : माणसाला पाप लागतं, तसं राज्याला लागतं का? एका प्राध्यापिकेने समासात पेन्सिलीने लिहिलं, ‘राज्याला म्हणजे नेमकं कुणाला?’ पुढचं माझं सगळं वाचन त्या शेऱ्याने ठरवलं.

दुसऱ्या कॉलेजात हा प्रश्न बहुधा तत्त्वज्ञान विभागाकडे धाडला गेला असता. मला तह, निर्बंध, शस्त्रं आणि पाप-पुण्य एकाच टेबलावर हवं होतं. राइनहोल्ड नीबर या धर्मचिंतकाने १९३२ साली मांडलं, की समूहाकडून व्यक्तीइतक्या नीतीची अपेक्षा करता येत नाही. महाभारताच्या शांतिपर्वातला आपद्धर्मही संकटातल्या राजाला बरीच मोकळीक देतो. पण तिथे ऐकणारा युधिष्ठिर आहे, युद्ध जिंकूनही संहाराने पोळलेला. ती मोकळीक त्याला पुरत नाही. नीबरमध्ये मला असा ऐकणारा सापडेना.

सापडला तो थ्युसिडिडीस या ग्रीक इतिहासकारामध्ये. इ.स.पू. ४२७. मिटिलीनी शहराचं बंड मोडल्यावर अथेन्सच्या सभेने तिथले सगळे पुरुष मारायचं आणि बायकामुलांना गुलाम करायचं ठरवलं. हुकूम घेऊन जहाज निघालं. दुसऱ्या दिवशी लोकांचं मन खाऊ लागलं, सभा पुन्हा भरली आणि थोडक्या मतांनी निर्णय फिरला. लगेच दुसरं जहाज सुटलं. त्यावरचे वल्हेकरी मद्यात नि तेलात कालवलेलं जवाचं पीठ वल्ही मारता मारताच खात होते, आळीपाळीने झोपत होते. पहिलं जहाज मात्र रेंगाळत होतं. असल्या कामगिरीची कुणाला घाई नव्हती. हुकुमाची अंमलबजावणी सुरू होणार, एवढ्यात दुसरं पोचलं. बंडाचे पुढारी तरीही मारले गेलेच. आणि इ.स.पू. ४१६ मध्ये मेलॉस बेटावर याच अथेन्सने पुरुषांची कत्तल केली. तिकडे दुसरं जहाज गेलं नाही.

म्हणून ‘राष्ट्रहितापुढे इलाज नव्हता’ हे मी ऐकून घेत नाही. सभेत हात वर करणारा आणि वल्हं ओढणारा, दोघांच्याही वाट्याला काही ना काही येतंच.

शेवटच्या वर्षाचा प्रकल्प मी इराकवरच्या निर्बंधांवर केला. संयुक्त राष्ट्रांच्या मानवतावादी मदतीचे तिथले प्रमुख डेनिस हॅलिडे यांनी १९९८ साली निर्बंधांच्या निषेधार्थ राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेल्या हान्स फॉन स्पोनेक यांनीही २००० साली तेच केलं. निर्बंध २००३ पर्यंत चालूच राहिले. समितीने मला घेरलं ते इथेच : राजीनाम्याने इराकी मुलाच्या ताटात काय पडलं? काहीच नाही, असं मी लिहून दिलं. पण निर्बंधांचा हिशेब जगापुढे आला त्यात त्यांच्या साक्षीचा वाटा होता, आणि आत बसून तशी साक्ष देता आली नसती, हेही लिहिलं. तिथेच राहून धान्यवाटप सांभाळणाऱ्यांना मी दोषी धरलं नाही. त्यांचा जबाब मला अजून घ्यायचा आहे.