लाल ठिपका आणि स्वकर्माची फुलं



आजचं चिंतन : गीता, अध्याय १८, श्लोक ४६

ज्याच्यापासून सगळे जीव आले आणि ज्याने हे सगळं व्यापलंय, त्याची पूजा माणूस आपल्या कामानेच करू शकतो आणि त्यातूनच त्याला सिद्धी मिळते, असं भगवंत इथे सांगतात. माउलींनी ज्ञानेश्वरीत याच ठिकाणी आपापल्या कामाला फुलं म्हटलंय. देवाला वाहायची फुलं. आपल्यापैकी बहुतेकांना हा श्लोक आवडतो. मलाही आवडायचा. लॅपटॉपसमोर बसून दहा तास कोड लिहिणं हीसुद्धा पूजाच आहे म्हटलं की बरं वाटतं.

गेल्या आठवड्यात मात्र या श्लोकाने मला झोपू दिलं नाही.

मी मालवाहतुकीच्या गाड्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करतो. नकाशावर प्रत्येक ट्रक एक ठिपका असतो. चालता असेल तर हिरवा. ठरलेल्या थांब्याशिवाय वीस मिनिटं उभा राहिला की लाल. लाल झाला की ड्रायव्हरला आपोआप फोन जातो, दर दहा मिनिटांनी, गाडी हलेपर्यंत. आणि उशीर मोजला जातो, त्यावर त्याचा फेरीचा बोनस ठरतो. हे फीचर मी लिहिलंय. त्याबद्दल ऑफिसात माझं कौतुकही झालं होतं.

त्या रात्री मी ऑन-कॉल होतो. दोन वाजता अलर्ट आला. कसारा घाटात एक ठिपका पाऊण तास लाल. सिस्टिम अडकली असेल म्हणून मी स्वतःच ड्रायव्हरला फोन लावला. पलीकडून थकलेला, वयस्कर आवाज आला.

"साहेब, लायनर तापलेत. वास मारतोय. थंड झाल्याशिवाय खाली नाही नेणार."

मी विचारलं, "किती वेळ लागेल काका?"

"ते मी कसं सांगू? हात लावून बघीन, मग निघीन. तुमचा फोन मात्र दर दहा मिनिटांनी येतो. जरा टेकलो की वाजतो." थोडं थांबून ते म्हणाले, "गाडी उभी आहे म्हणून तुम्हाला लाल दिसते. चालती असती तर हिरवी दिसली असती. पण मग खाली थांबली नसती."

मी "सॉरी काका" म्हणून फोन ठेवला. अलर्ट बंद केला. झोप गेली ती गेलीच.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी इथे कधी लिहिली नव्हती. माझे वडील, अण्णा, ट्रक ड्रायव्हर होते. लासलगावकडचा कांदा भरून वाशी मार्केटला न्यायचे, म्हणजे हाच कसारा घाट उतरून. निघताना टॉमी मारून एकेका टायरची हवा बघायचे, ताडपत्रीचा रस्सा स्वतः ओढून बघायचे आणि इगतपुरीला घाटनदेवीला हात जोडून मगच घाटात उतरायचे. गळ्यात तुळशीची माळ. इंजिनीअरिंगला असताना मित्रांनी विचारलं की मी म्हणायचो, "वडील ट्रान्सपोर्टमध्ये आहेत." खोटं नव्हतं. पण ते मी का तसं म्हणायचो, हे मला माहीत होतं.

सकाळी अण्णांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "बरोबर केलं त्याने. उतारावर खालचा गिअर टाकून यायचं, ब्रेकवर पाय देऊन बसायचं नाही. माल जड असला की तरी तापतं. तापलं की ब्रेक लागतच नाही मग. पाय नुसता खाली जातो." मग विचारलं, "त्याला दंड लावला का तू?"

"मी नाही अण्णा, सिस्टिम लावते."

"आणि सिस्टिम कोण लावतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अण्णांनीही पुढे काही विचारलं नाही. पाऊस आहे का तिकडे, एवढं विचारून फोन ठेवला.

मित्रांनो, त्या दिवशी मी हा श्लोक पुन्हा वाचला आणि एक साधी गोष्ट लक्षात आली. भगवंत म्हणतात, *स्वतःच्या* कामाने पूजा करा. दुसऱ्याने त्याचं काम कसं सोसावं, हे ते इथे सांगत नाहीत. आपण मात्र हा श्लोक नेहमी दुसऱ्याला सुनावतो. कारखान्यात, वर्कशॉपमध्ये 'कर्म हीच पूजा' अशी पाटी लागते, आणि ती बहुतेकदा पगार, सुट्टी, हातमोजे मागणाऱ्याच्या डोक्यावरच असते. या श्लोकाच्या आधी वर्णांची कामं सांगितली आहेत, त्याचा आधार घेऊन माणसांना पिढ्यान्‌पिढ्या जागच्या जागी दाबून ठेवलं गेलं, हेही आपण विसरू नये.

संत चोखोबांची आठवण इथे येतेच. मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम चालू होतं. भिंत कोसळली आणि तिच्याखाली इतर मजुरांबरोबर चोखोबाही गेले. सन १३३८. नामदेव महाराज तिथे गेले, ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आलं त्या चोखोबांच्या म्हणून ओळखल्या आणि पंढरपूरला महाद्वारापाशी समाधी दिली, असं सांगतात. ही कथा आपण नामाचा महिमा म्हणून ऐकतो, आणि तो आहेच. पण मी यावेळी भिंतीपाशी थांबलो. एवढं नाम घेणाऱ्या माणसासाठीही भिंत थांबली नाही. नामाने भिंतीला टेकू मिळत नाही. टेकू कोणीतरी लावावा लागतो, आणि ते ज्याचं काम असतं, त्याची ती पूजा असते.

म्हणून कष्टाच्या कामात पिचलेल्या माणसाला 'नाम घे, सगळं ठीक होईल' एवढंच सांगून आपण सुटू शकत नाही. चोखोबांनी स्वतः देवाला जाब विचारला. त्यांचा मुलगा कर्ममेळा याने तर त्याहून रोखठोक विचारला. वारकरी परंपरेने ती तक्रार पुसून टाकली नाही, अभंग म्हणून जपली. तक्रार करणारा भक्त कमी भक्त नसतो.

मग घाटात उभ्या त्या काकांची पूजा कोणती? मला वाटतं, रात्री दोन वाजता, बोनस कापला जाणार हे माहीत असताना, गाडी उभी ठेवणं हीच. खाली कसाऱ्यात झोपलेली माणसं, घाटातली एसटी, तिच्यातली लेकरं, ज्याने सगळं व्यापलंय तो त्या सगळ्यांत आहे. त्यांच्यासाठी ते थांबले. आणि मी त्यांच्या पूजेत दर दहा मिनिटांनी घंटा वाजवत होतो.

पुढे दोनच श्लोकांनी, अठ्ठेचाळिसाव्यात, भगवंत म्हणतात की अग्नीबरोबर धूर असतो तसा प्रत्येक कामाबरोबर दोष असतोच, म्हणून आपलं काम टाकून पळू नये. हे वाचून थोडा धीर आला. पण दोष असतोच म्हणजे तो तसाच राहू द्यावा, असा अर्थ मी घेणार नाही. धूर दिसला की निदान खिडकी तरी उघडता येते.

आपल्या देशात मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ मध्येच कायदा झाला होता. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास, आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, असं त्यात होतं. हे मला आठवडाभरापूर्वी माहीतही नव्हतं. उशीर सेकंदात मोजणाऱ्या माझ्या कोडमध्ये विश्रांतीसाठी एकही ओळ नव्हती.

सोमवारी मी टीमपुढे तीन बदल मांडले. घाटात उभ्या गाडीला उशीर धरायचा नाही. ड्रायव्हरने 'गाडी तपासतोय' किंवा 'झोपतोय' असं एकदा कळवलं की फोन बंद. आणि बोनस कापण्याआधी माणसाने माणसाला विचारायचं. पहिले दोन मान्य झाले. तिसऱ्यावर 'बघू' असं उत्तर आलंय. मी पुन्हा विचारणार आहे. याने काही क्रांती होणार नाही, हे मला कळतं. पण माझ्या हातात असलेलं फूल हेच आहे, आणि ते दुसऱ्याची झोप खुडून आणलेलं नसावं एवढं तरी मी बघू शकतो.

तुमचं काय? आपण कोणी ॲप बनवतो, कोणी दहा मिनिटांत सामान मागवतो, कोणी घराचं काम काढून सुताराला, प्लंबरला, वायरमनला 'आजच पाहिजे' म्हणतो. आपल्या प्रत्येक घाईच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस असतो.

आजचा नेम : आज हाताने काम करणाऱ्या एका माणसाला, दारात आलेल्या, गॅरेजमधल्या, रस्त्यावरच्या, एकच प्रश्न विचारा : "काम करताना आमच्यामुळे त्रास कशाचा होतो?" उत्तर आलं की समर्थन देऊ नका. ऐका. आणि त्यातलं जे आपल्या हातात आहे, ते आजच करा.

अण्णांना मी रविवारी भेटायला जातोय. कॉलेजातले दोन मित्रही बरोबर येणार आहेत. त्यांना यावेळी नीट सांगितलंय, माझे वडील ट्रक चालवायचे.

राम कृष्ण हरी!