परक्याला मूठमाती

मेलेल्या परक्याला आपल्या मातीत जागा द्यावी की नाही, हा प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. प्रेत काही मागत नाही, भांडत नाही, वाटणी सांगत नाही. तरीही परके लोक जेथे जेथे जाऊन राहिले तेथे तेथे हा प्रश्न उभा राहिला, आणि भल्याभल्यांनी त्याचे उत्तर "नाही" असे दिले. चीनच्या दक्षिण किनाऱ्यावर मकाव येथे एक जुने प्रॉटेस्टंट कबरस्थान आहे. दीडशेहून थोड्या अधिक कबरी असतील, फार नाहीत. परंतु ते कसे मिळाले याची हकिकत विचार करण्याजोगी आहे.

मकाव त्या काळी पोर्तुगीजांकडे होते आणि १८४४ पर्यंत ते गोव्याच्या कारभाराखाली मोडत असे. इंग्रज, अमेरिकन व इतर व्यापारी ठराविक महिने कँटनला जाऊन चहा व रेशीम खरेदी करीत. मात्र परदेशी स्त्रियांना कँटनमध्ये पाऊल टाकण्याची मनाई होती, म्हणून कुटुंबे मकावलाच राहत. राहणे आले तेथे मरणेही आले. पोर्तुगीज म्हणत, गावकुसाच्या आतील भूमी रोमन कॅथलिक धर्माची पवित्र भूमी आहे, तीत प्रॉटेस्टंटाला पुरता येणार नाही. सरहद्दीच्या दरवाज्यापलीकडे चीन. तेथील लोक म्हणत, ही आमची माती, तीत परदेशी माणूस नको. राहिला तट आणि सरहद्द यांच्यामधला पट्टा. तेथे रात्रीच्या अंधारात गुपचूप खड्डा खणावयाचा, घाईने प्रार्थना करावयाची आणि परतावयाचे. पाठ फिरल्यावर कबर कोणी उकरणार नाही याची खात्री नाही. गावकुसाबाहेर या शब्दाचा अर्थ आपल्यापैकी पुष्कळांच्या पणजोबांना समजावून सांगावा लागला नसता.

रॉबर्ट मॉरिसन हे चीनमधील पहिले प्रॉटेस्टंट मिशनरी. ते १८०७ साली आले, आणि तेही अमेरिकेच्या वाटेने, कारण ईस्ट इंडिया कंपनी आपल्या जहाजांतून मिशनऱ्यांना नेत नसे. पुढे त्याच कंपनीने त्यांना दुभाष्याची नोकरी दिली. १८११ मध्ये त्यांचे पहिले मूल जन्मताच गेले. त्याला त्यांनी मकावच्या उत्तरेकडील टेकडीवर पुरले. १० जून १८२१ रोजी त्यांची पत्नी मेरी पटकीने वारली. तिला तिशीही पूर्ण झाली नव्हती, आणि ती गरोदर होती. मॉरिसनांची इच्छा एवढीच, की तिला त्या लेकरापाशी ठेवावे. चिनी लोकांनी ती कबर उघडू दिली नाही. तेव्हा कंपनीच्या मकाव येथील कमिटीने जमिनीचा एक तुकडा विकत घेतला, पोर्तुगीजांची संमती मिळवली, आणि मेरी मॉरिसनला तेथे मूठमाती मिळाली.

नकार दोन, आणि त्यांची कारणेही दोन. "जागा पवित्र आहे" हे एक, "जागा आमची आहे" हे दुसरे. जगातील बहुतेक नकार या दोहोंपैकी एकाच्या आडोशाला बसलेले असतात.

यांपैकी दुसऱ्या कारणाला मी हसणार नाही. चिनी घरात पूर्वजांची कबर ही वंशाच्या सुखदुःखाशी जोडलेली गोष्ट. ती कोठे असावी, कोणत्या दिशेला असावी, याचा फार विचार होई. शिवाय, ज्याचा मुडदा आज येथे निजला त्याचे भाऊबंद उद्या हक्क सांगत येतील, ही भीती होती. ती खोटी ठरली काय? याच कबरस्थानात लॉर्ड जॉन चर्चिल यांची कबर आहे. ते 'ड्रुइड' या इंग्रज लढाऊ जहाजाचे कप्तान होते व १८४०च्या जून महिन्यात, पहिल्या अफूयुद्धाच्या आरंभी, वारले. दोन वर्षांनी नानकिंगचा तह होऊन हाँगकाँग गेले. त्या तहाच्या बोलण्यात दुभाष्या होता मॉरिसनांचा मुलगा जॉन रॉबर्ट. तो १८४३ मध्ये तापाने वारला आणि आईबापांजवळच निजला आहे. तेव्हा त्या भीतीला कारण नव्हते असे म्हणता येत नाही. परंतु भीती होती ती जिवंत माणसांच्या तोफांची, आणि सूड उगवला गेला पटकीने मेलेल्या बाईवर. हे न्यायाचे नव्हे.

पहिल्या कारणाविषयी बोलताना आपण प्रॉटेस्टंट लोकांनी जरा जपून बोलावे. खुद्द इंग्लंडात डिसेंटर पंथाच्या माणसाला गावच्या चर्चच्या आवारात पुरले तरी त्याच्या स्वतःच्या पाळकाला तेथे दफनविधी चालवण्याची परवानगी १८८० सालच्या कायद्याने मिळाली. मॉरिसन त्याच, म्हणजे डिसेंटर पक्षाचे.

जमीन विकत का घ्यावी लागली? येथे अब्राहाम आठवतो. सारा मेली तेव्हा तो कनानात उपराच होता. हित्ती लोकांनी त्याला आपल्या उत्तम कबरींपैकी हवी ती देऊ केली, एफ्रोन तर शेत फुकट द्यावयास निघाला; पण अब्राहामाने चारशे शेकेल रुपे तोलून दिले. मला वाटते, त्यामागे अभिमान नव्हता. दिलेली जागा देणाऱ्याच्या नातवाच्या काळी परत मागितली जाते, विकत घेतलेली सहसा नाही. तथापि हित्ती लोकांचे वागणे विसरू नये. त्यांनी आधी जागा देऊ केली, किंमत नंतर सांगितली.

मकावची किंमत कोणत्या पैशाने चुकवली गेली, हा प्रश्न मात्र अवघड आहे. कंपनी बंगाल-बिहारात अफू पिकवून घेई, कलकत्त्यास तिचा लिलाव करी, आणि चीनच्या बंदीतून ती आत नेण्याचे काम खाजगी व्यापाऱ्यांवर सोडून आपण नामानिराळी राही. माळव्याची अफू दमण व मुंबईच्या वाटेने त्याच किनाऱ्याला लागे. इंदूर-उज्जैनकडील वाचकांना हे नवे नाही. ज्या १८२१ साली कबरस्थान झाले त्याच साली चिनी अधिकाऱ्यांनी जरब बसवल्यामुळे अफूवाले आपली जहाजे लिंटिन बेटाकडे घेऊन गेले.

शुभवर्तमानातही असे एक शेत आहे. यहूदाने टाकून दिलेली रुप्याची तीस नाणी मुख्य याजकांना मंदिराच्या भांडारात नको होती, कारण ते रक्ताचे मोल. मग त्यांनी कुंभाराचे शेत घेतले, परक्यांना पुरण्यासाठी. भांडार शुद्ध राहिले पाहिजे. बाटलेला पैसा परक्यांना चालेल! त्या याजकांच्या विवेकबुद्धीचा हा हिशेब मला फार ओळखीचा वाटतो. परंतु त्या शेतात जे पुरले गेले त्यांचा त्यात काय अपराध? पैशाचा जाब देणाऱ्याला विचारावा, निजलेल्याला नव्हे. मॉरिसनांनी कंपनीचा पगार घेतला, हा प्रश्न त्यांच्या चरित्रात राहतोच. तो त्यांच्या कबरीवर हलवू नये. १८३४ मध्ये ते कँटनला वारले तेव्हा त्यांनाही पत्नीशेजारी आणून ठेवले. त्यांचे चिनी पवित्र शास्त्र १८२३ साली पूर्ण छापून निघाले. त्याच्या एक वर्ष आधी सेरामपूरला मार्शमन यांनी दुसरे चिनी शास्त्र पुरे केले होते, आणि त्यांचा सहकारी योहान्नेस लासार हा मकावात जन्मलेला अर्मेनियन. ज्या सेरामपूरने १८११ साली आपल्याला मराठी नवा करार दिला तेच हे सेरामपूर.

मुंबईचे पारशी व्यापारीही मकावला मरत. त्यांच्यात पुरण्याची चाल नाही. पण तेथे दुसरा उपाय नसल्याने १८२९ पासून त्यांनी आपले वेगळे कबरस्थान केले. परदेशात माणसाला कधी कधी आपला विधीही सोडावा लागतो.

ही दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणून बाजूला ठेवता येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये छत्तीसगडातील बस्तर येथे एका ख्रिस्ती पाळकाचे प्रेत सुमारे तीन आठवडे शवागारात पडून होते. गावात पुरू देण्यास गावकऱ्यांचा विरोध होता. सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही, आणि अखेर वीसएक किलोमीटर दूर, दुसऱ्या गावच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्याला पुरावे असा आदेश झाला. तो माणूस तर त्याच गावचा, परकाही नव्हता. आपल्याला याचा संताप येतो, आणि तो यावाच.

पण मग आपल्या कबरस्थानांतही फिरून यावे. छावणीच्या जुन्या कबरस्थानांत गोऱ्यांची बाजू वेगळी आणि देशी ख्रिस्ती लोकांची वेगळी असे. गोरे गेले, पण कोपरे गेले नाहीत. सभासदाचे नाव रजिस्टरात आहे काय, वर्गणी भरली आहे काय, आत्महत्या तर नाही, बाई मंडळीबाहेर लग्न करून गेली होती काय, असे प्रश्न प्रेत दारात असताना विचारले जातात. जागा कमी आहे, ही अडचण खरी आहे. शहरांत जुन्या कबरी पुन्हा उघडाव्या लागतात. पण कमी जागा सर्वांनाच कमी असते. ती कोणाला आधी नाकारली जाते, एवढे पाहिले म्हणजे अडचण जागेची आहे की दुसरी काही, हे कळते.

मकावच्या मंडळींनी मात्र एक काम केले. प्रथम ती जागा कंपनीच्या माणसांसाठी होती. नंतर ती सर्व परदेशीयांना खुली केली. आणि तटाबाहेर ज्यांना रात्री चोरून पुरावे लागले होते, त्यांच्यापैकी काहींना पुन्हा उकरून आत आणले. १८२१ साली झालेल्या त्या कबरस्थानातील काही दगडांवर त्याआधीच्या तारखा आहेत, त्या यामुळे.