मंगळाच्या वस्तीचा कौल

ओसाड पडलेले गाव पुन्हा वसवायचे असले, म्हणजे मराठेशाहीत सरकारातून कौल दिला जात असे. आरंभीची काही वर्षे सारा माफ किंवा नाममात्र, पुढे वर्षागणिक थोडथोडा वाढत जाऊन मुदतीअखेर पुरा आकार, अशी जी चढती बांधणी त्या कौलात असे तिला इस्तावा म्हणत; आणि पडीक रानात पहिला नांगर धरणाऱ्या कुळाला आपले कष्ट वाया जाणार नाहीत, असा भरवसा त्या कागदाने मिळत असे. परंतु कागदाहूनही मोठे संरक्षण त्या कुळापाशी होते. जुलूम असह्य झाला, तर रातोरात गाडी जुंपून दुसऱ्या मुलखात परागंदा होण्याची वाट त्याला मोकळी होती. आणि ती मोकळी आहे हे अंमलदारासही ठाऊक असल्यामुळे त्याचा हात पुष्कळदा आखडता राहत असे.

मंगळावर मनुष्याची कायमची वस्ती करण्याच्या योजना वाचताना मला त्या मोकळ्या वाटेची आठवण वारंवार होते. २४ सप्टेंबर २०१४ रोजी आपले यान पहिल्याच प्रयत्नात मंगळाच्या कक्षेत स्थिरावले, तेव्हाचा आनंद मी विसरलेलो नाही, आणि ज्ञानासाठी प्राण पणाला लावून तेथे जाऊ पाहणाऱ्यांविषयी माझ्या मनात आदरच आहे. तथापि संशोधनासाठी जाणे निराळे आणि प्रजा वसवणे निराळे. तेथील हवेचा दाब आपल्या हवेच्या शतांशाहूनही कमी; मातीत थायरॉइड ग्रंथीस अपायकारक असे परक्लोरेटचे क्षार आहेत, हे २००८ साली फिनिक्स यानाने दाखवून दिले; आणि पृथ्वीकडे येण्याजाण्याचा सोयीचा काळ दर २६ महिन्यांनी एकदा येतो. पर्सिव्हिअरन्स गाडीवरील मॉक्सी या यंत्राने २०२१ ते २०२३ या काळात तेथल्या कर्बवायूपासून एकंदर १२२ ग्रॅम प्राणवायू काढला. शास्त्राच्या दृष्टीने ही थोर सिद्धी आहे, पण एका मनुष्याला तो तीन-चार तास पुरेल. उद्या याच जातीची अजस्र यंत्रे उभी राहतील असे गृहीत धरले, तरी ज्याच्या हाती त्या यंत्राची कळ, त्याच्या हाती वस्तीतल्या प्रत्येकाचा श्वास, ही गोष्ट काही बदलत नाही. जमिनीच्या साऱ्यावरून रयतेने तक्रारी केल्या, दाद मागितली, प्रसंगी गाव सोडले. श्वासाचा सारा ज्याला भरावा लागेल त्याने कोठे जावे? १९६७ च्या अंतराळ कराराने कोणत्याही राष्ट्रास परग्रहाची भूमी आपली म्हणण्यास मनाई केली, हे उत्तम झाले. परंतु भूमीची मालकी नसतानाही हवेची मालकी चालवता येते.

अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतात २६ सप्टेंबर १९९१ रोजी आठ माणसांनी बायोस्फिअर-२ नामक काचेच्या बंदिस्त जगात दोन वर्षांसाठी प्रवेश केला. आत शेत होते, लहानसा समुद्र होता, रताळी आणि केळी पिकत होती. मातीतील सूक्ष्म जीव प्राणवायू खात राहिले, त्यांनी सोडलेला कर्बवायू भिंतींच्या काँक्रीटने शोषला, आणि प्राणवायूचे प्रमाण २१ टक्क्यांवरून सुमारे साडेचौदांवर उतरले. एक लांब वाक्य बोलतानाही मध्येच थांबून दम घ्यावा लागावा, अशी आतल्यांची अवस्था झाली. जानेवारी १९९३ मध्ये अखेर बाहेरून प्राणवायू सोडावा लागला. त्याआधी, प्रयोगाच्या पहिल्याच महिन्यात, एका सदस्येच्या बोटाचे टोक भाताच्या यंत्रात सापडून तुटले होते. दरवाजा उघडला, तिला शस्त्रक्रियेसाठी नेण्यात आले, आणि काही तासांत ती आपल्या कामावर परतली. या प्रयोगाला पुष्कळांनी अयशस्वी ठरवले. मला मात्र त्या उघडलेल्या दरवाजातच त्याची माणुसकी दिसते.

स्वखुशीने जाणाऱ्या प्रौढाने परतीवर पाणी सोडले, तर तो त्याचा अधिकार मानता येईल. पण कायमची वस्ती म्हणजे तेथे पाळणे हलणार, आणि त्या पाळण्यातल्या जिवाकडून कबुलायत कोणी घेतली? मंगळाचे गुरुत्व पृथ्वीच्या ३८ टक्के. तेवढ्या भारात वाढलेले मूल आजवर कोणी पाहिलेले नाही. भारहीन अवस्थेत अंतराळवीरांच्या वजन पेलणाऱ्या हाडांची घनता महिन्याला सुमारे एक टक्क्याने घटते, एवढे ठाऊक आहे. तेव्हा त्या मुलाचा सांगाडा पृथ्वीचे वजन कधी पेलू शकेल, असे आश्वासन आज कोणत्याही वैद्याला देता येणार नाही. आईबापांच्या धाडसापायी ज्याला समुद्र, पाऊस आणि आजोळ ही तिन्ही जन्मतःच दुरावली, त्याला वसाहतकार म्हणणे मला जड जाते.

म्हणून माझे मत असे की, परतीची सोय जोवर नाही, तोवर मंगळावर ठाणे असावे, गाव नसावे. अंटार्क्टिकावरील आपल्या 'मैत्री' केंद्रात तीन दशकांहून अधिक काळ माणसे ध्रुवीय रात्र काढीत आली आहेत. उन्हाळ्यात नवी तुकडी येते, कोठीतल्या शिधासामग्रीचा आणि यंत्रांचा ताबा घेते, आणि जुनी माणसे सामान बांधून घराच्या वाटेला लागतात.