समाधान कोणाचे?

बीदर, भालकी, आळंदकडील आपल्या मंडळ्यांतून एखादी मुलगी नर्सिंगला निघाली की निरोपाच्या प्रार्थनेत हमखास सांगितले जाते, "बाळ, पगाराकडे पाहू नकोस, सेवेतले समाधान मोठे." बोल चांगलाच आहे. परंतु हे समाधान दुसऱ्याने तिच्याकडे मागावे काय, हा प्रश्न आम्हांस पडतो.

लष्करी इस्पितळातली परिचारिका घ्या. १८८८ साली दहा इंग्रज परिचारिका मुंबईस उतरल्या, तेथून आपल्या देशात या सेवेचा आरंभ धरतात. १९४३ च्या वटहुकुमाने ती सैन्याचा भाग झाली. तिचा रोगी बहुधा तरुण, घरापासून दूर. उशाशी आई नाही की बायको नाही. गावच्या दवाखान्यातला रोगी बरा झाला की घरी जातो. हा जवान धडधाकट झाला की पलटणीत परततो, कदाचित जेथे गोळी लागली तेथेच. हे ठाऊक असूनही ती रात्र रात्र जागून त्याला पायांवर उभे करते, आणि त्याने पहिले पाऊल टाकले की तिचे मन भरून येते. हे समाधान खरे आहे. वरिष्ठांच्या हुकुमाने ते येत नाही आणि पगारवाढीनेही येत नाही.

पण ते तिचे आहे. तिने गाऱ्हाणे सांगितले की तेच समाधान तिच्यापुढे करून तिला गप्प बसवणे, हा अन्याय होय. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने शिपायांना वेतनात तृप्त राहावयास सांगितले, हा दाखला अशा वेळी हटकून निघतो. (शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी लूकचा तिसरा अध्याय जरा मागूनच वाचावा.) जुलूम करून पैसे उकळू नका, असे त्याने त्याच शिपायांना आधी बजावले होते. म्हणजे तो उपदेश हाती शस्त्र असलेल्यांना होता.

१९७६ साली परिचर्या सेवेतील गर्ट्रूड अ‍ॅलिस राम मेजर जनरल झाल्या. भारतीय सैन्यदलांत तो हुद्दा मिळवणारी ती पहिली स्त्री. आणि लगेच पुढल्या, १९७७ च्या लष्करी नियमांत लग्न हे परिचारिकेला सेवामुक्त करण्याचे एक कारण म्हणून नमूद होते! सेलिना जॉन या सिकंदराबादच्या लष्करी इस्पितळात लेफ्टनंट झाल्या. त्यांनी लग्न केले आणि १९८८ साली त्यांची नोकरी गेली. त्या न्यायालयात गेल्या. सेवावृत्तीच्या बाईने कोर्टकचेऱ्या कराव्यात काय, असे कोणी विचारील. आम्हांस उलट वाटते. कामाची गोडी नसती तर इतकी वर्षे कोण झगडले असते?

तो नियम १९९५ साली मागे घेण्यात आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मनमानी व स्त्रियांशी भेदभाव करणारा ठरवून साठ लाख रुपये भरपाई देवविली. नोकरी जाऊन तोवर पस्तीस वर्षे उलटली होती. ती काही परत मिळाली नाही.