उसनी भाषा आणि उसने मत

आपले मत परक्या भाषेत मांडले, तर ते आपले राहते काय? हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात शोभेल असा आहे. माझ्यापुढे मात्र तो घरातल्या जेवणाच्या टेबलावर उभा राहिला. माझी नात धारवाडच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत नववीत शिकते. गेल्या वर्षी तिच्या वर्गाला एक उपक्रम मिळाला. एखादा चित्रपट पाहायचा, त्याचे इंग्रजीत तीनशे शब्दांचे परीक्षण लिहायचे आणि ते वर्गापुढे पाच मिनिटांत सादर करायचे. आमच्या विद्यार्थिदशेत चित्रपट म्हणजे अभ्यासाचा शत्रू समजला जाई. तोच आता अभ्यासात आलेला पाहून मला मनापासून आनंद झाला.

तिने निवडला 'श्वास'. संदीप सावंत यांच्या या चित्रपटाला 2004 साली राष्ट्रपतींचे सुवर्णकमळ मिळाले. 'श्यामची आई'नंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी मराठी चित्रपटाला मिळालेला हा मान होता. कोकणातले आजोबा आपल्या लहानग्या परशुरामला डोळ्यांच्या उपचारासाठी शहरात आणतात. डोळ्यांना कर्करोग झालेला आहे. शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल, पण दृष्टी कायमची जाईल. हे त्या मुलाला कसे सांगायचे, हा एक पेच. शस्त्रक्रियेपूर्वी आजोबा कोणालाही न सांगता त्याला रुग्णालयाबाहेर घेऊन जातात आणि जमेल तेवढे जग दाखवतात, हा दुसरा. आम्ही दोघांनी तो घरी बसून पाहिला. संपल्यावर बराच वेळ कोणीच बोलले नाही.

दोन दिवसांनी तिने परीक्षण वाचायला दिले. इंग्रजी निर्दोष होते. कथा हृदयस्पर्शी आहे, अभिनय अप्रतिम आहे, छायाचित्रण नेत्रसुखद आहे, सहकुटुंब अवश्य पाहावा, पाचांपैकी चार तारे. मी दोनदा वाचले. त्यात खोटे असे एकही वाक्य नव्हते. पण तेच वाक्य दुसऱ्या कोणत्याही चित्रपटाला लावले असते, तरी ते तितकेच खरे ठरले असते.

मी विचारले, "चित्रपट पाहून तुला काय वाटले?" ती मराठीत बोलू लागली. "आजोबा, मला त्या आजोबांचा राग आला. दवाखान्यात सगळे घाबरले होते आणि हे सांगून गेले नाहीत. पण नंतर वाटले, सांगितले असते तर जाऊच दिले नसते. त्या रात्री मी डोळे मिटून आपला जिना चढून पाहिला. चौदा पायऱ्या आहेत. रोज चढते, तरी नवव्या पायरीवर भीती वाटली."

"मग हे का नाही लिहिलेस?"

"ते परीक्षणात बसत नाही," ती म्हणाली. "आणि इंग्रजीत जमतही नाही."

'बसत नाही' हे शब्द ऐकून मी चपापलो, कारण ते माझेच होते. राज्य शासनाच्या सेवेत असताना एका पावसाळ्यात पडझड झालेल्या घरांचे पंचनामे माझ्याकडे होते. एका वृद्ध विधवेच्या घरापर्यंत जाणारी बोळ चिखलाने भरली होती. मी बोळीच्या तोंडाशी उभा राहून समोरची भिंत पाहिली आणि ठरावीक नमुन्यात लिहिले : घराचे किरकोळ नुकसान, प्रकरण निकषात बसत नाही. मागची संपूर्ण भिंत कोसळलेली होती. फेरतपासणीत ते उघडकीस आले आणि बाईंना मदत मिळाली, पण तोवर पावसाळा संपला होता आणि तो त्यांनी देवळाच्या ओसरीत काढला होता. माझ्या टिपणात भाषेची एकही चूक नव्हती. दोष एवढाच होता, की ते लिहिण्यासाठी मला घर पाहावे लागले नाही.

म्हणून मला वाटते, की परीक्षण कसे लिहावे हा प्रश्न केवळ भाषेच्या तासाचा नाही. 'परीक्षण' म्हणजे सर्व बाजूंनी पाहणे, 'समीक्षा' म्हणजे नीट पाहणे. दोन्ही शब्दांत 'ईक्ष्' हा पाहण्याचा धातू आहे. मत हे पाहण्यानंतर येते. आयते शब्द हाताशी असले, की माणूस न पाहताही मत देऊ शकतो. चित्रपटाच्या बाबतीत त्याने कोणाचे फारसे बिघडत नाही. परंतु चौदाव्या वर्षी लागलेली ही सवय पुढे माणसांविषयी मत देतानाही टिकते, आणि तिथे कोणाचा तरी पावसाळा उघड्यावर जातो.

आपल्या मंडळींपैकी काहींना यावर एक सोपे उत्तर सुचेल : दोष इंग्रजीचा आहे, मुलांना मराठीतून लिहू द्या. मलाही प्रथम तेच सुचले. पण आपण ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या राहिलो, तेच गाव हे उत्तर मान्य करू देत नाही. द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी. ते कवी झाले कन्नडमध्ये, आणि 1973 चे ज्ञानपीठ त्यांच्या कन्नड काव्याला मिळाले. धारवाडच्याच कर्नाटक कॉलेजात शिकलेले गिरीश कार्नाड घरी कोकणी बोलत, नाटके कन्नडमध्ये लिहीत आणि पुढे ती स्वतः इंग्रजीत नेत. यांची भाषा उसनी होती असे कोण म्हणेल? दुसरी गोष्ट आपल्याला जरा अवघड वाटणारी आहे. एकोणिसाव्या शतकात या भागातल्या सरकारी शाळांत मराठीचे वर्चस्व होते आणि कन्नड घरांतल्या मुलांना आपले म्हणणे मराठीत बसवावे लागे. कन्नड शाळांसाठी डेप्युटी चन्नबसप्पांना झटावे लागले ते त्यामुळेच. तेव्हा परक्या भाषेचा जाच आपल्याच वाट्याला आला, असे समजण्याचे कारण नाही.

शिवाय नातीच्या वर्गात कन्नड, उर्दू, कोकणी, मराठी अशा सर्व घरांतली मुले आहेत. एकमेकांना आपले मत सांगायचे, तर एखादी सामाईक भाषा हवीच. ज्यांच्या घरात इंग्रजी आहे त्यांना ती सोपी जाते, हा अन्याय खरा आहे. पण तो कमी करण्याचा मार्ग आयती वाक्ये पाठ करवून घेणे हा नव्हे. लहानशा, ओबडधोबड, पण स्वतःच्या वाक्याला मान देणे हा आहे.

शिक्षकांची बाजूही समजून घेतली पाहिजे. चाळीस-पन्नास वह्या तपासायच्या असतात, आणि नवख्या मुलाला कथानक, अभिनय, संगीत, मत अशी चौकट दिली नाही तर तो भांबावतो. चौकट हा पांगुळगाडा आहे, आणि त्याला माझा विरोध नाही. मात्र चालता येऊ लागल्यावर तो सोडावा लागतो. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये प्रा. सतीश बहादूर यांनी चित्रपट-रसास्वाद हा विषय शिकवला. त्या परंपरेतले मोठे काम म्हणजे प्रेक्षकाला पडद्यावर नेमके काय घडते ते बारकाईने पाहायला लावणे. शाळेतही क्रम तोच असावा. आधी एक प्रसंग निवडून त्यात काय दिसले ते सांगायचे, मग त्याने आपल्याला काय झाले ते, आणि शेवटी ते का झाले असावे ते. तारे द्यायचेच असतील तर त्यानंतर. पहिला मसुदा घरच्या भाषेत झाला तरी हरकत नसावी.

आता तर 'हृदयस्पर्शी' आणि 'नेत्रसुखद' अशा शब्दांनी भरलेले परीक्षण यंत्रही काही क्षणांत लिहून देते, तेही चित्रपट न पाहता. नववी पायरी मात्र त्याला ठाऊक नसते.

आम्ही दोघांनी मिळून परीक्षण पुन्हा लिहिले, म्हणजे लिहिले तिने, मी फक्त विचारत राहिलो. 'अप्रतिम' गेले, जिना आला. वाक्ये लहान झाली आणि दोन ठिकाणी काळाची चूकही राहिली. तिने ते वर्गात सादर केले. मांडणी नमुन्याप्रमाणे नाही म्हणून गुण दोनाने कमी मिळाले. ती थोडी हिरमुसली, आणि मला अपराधी वाटले, कारण गुण तिचे गेले होते, हट्ट माझा होता.

मात्र सादरीकरणानंतर एका मुलाने उठून विचारले, की आजोबा न सांगता गेले हे तुला बरोबर वाटते की चूक? त्याचे उत्तर तिने लिहून नेलेले नव्हते. तिला तिथेच उभे राहून, अडखळत, इंग्रजीत विचार करावा लागला. काय उत्तर दिलेस, असे मी विचारले. ती म्हणाली, "मी सांगितले की चूक होते, पण मीही तसेच केले असते. मग तो म्हणाला, मग चूक कसे? तेवढ्यात तास संपला."

तो प्रश्न ती घरी घेऊन आली आहे, आणि आमच्यात अजून त्याचा निकाल लागलेला नाही.